हवामान निधीसाठी अनुकूलन प्रकल्पाचा प्रस्ताव : पायऱ्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

हवामान बदलाचा सर्वाधिक फटका बसणाऱ्या देशांतून ग्रीन क्लायमेट फंड किंवा अ‍ॅडाप्टेशन फंड या आंतरराष्ट्रीय निधींकडे गेलेले प्रस्ताव शेरे घेऊन परत येतात, तेव्हा आक्षेप बहुधा एकच असतो : काम चांगलं आहे, गरजेचंही आहे, पण यात हवामान बदल नेमका कुठे आहे? २०१७ साली इथिओपियाच्या दुष्काळ प्रकल्पाचं घोडं इथेच अडलं. हा हवामान प्रकल्प की नेहमीचा विकास प्रकल्प, यावरून ग्रीन क्लायमेट फंडाच्या मंडळात वाद झाला आणि प्रस्ताव लांबला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ४.५ कोटी डॉलरच्या निधीसह मंजूर झाला. गरीब देशात विकास कुठे संपतो आणि अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम, कुठे सुरू होतं, ही रेघ ओढणं मुळातच अवघड आहे. ती ओढण्याचं ओझं त्याच देशांवर टाकणं मला न्याय्य वाटत नाही. पण निधीचे नियम आज असे आहेत, आणि वाट पाहणाऱ्या माणसांसाठी प्रस्ताव त्या नियमांत बसवावाच लागतो.

चूक सहसा क्रमात असते. आधी कामांची यादी ठरते, मग बजेट, आणि शेवटच्या महिन्यात एखाद्या सल्लागाराकडून हवामानाचं प्रकरण लिहून घेऊन पुढे जोडलं जातं. परीक्षकाला हा जोड लगेच दिसतो. पहिल्या प्रकरणातला हवामानाचा आकडा डिझाइनमध्ये आणि बजेटच्या ओळीत पुन्हा भेटला पाहिजे. खालच्या पायऱ्या त्यासाठीच या क्रमाने लावल्या आहेत.

## सुरुवातीआधी हाताशी काय हवं

आधी देशाची स्वतःची कागदपत्रं वाचा. पॅरिस कराराखाली दर पाच वर्षांनी द्यायचा एनडीसी, म्हणजे देशाने स्वतः ठरवलेला हवामान-कृतीचा आराखडा, आणि तयार झाला असेल तर राष्ट्रीय अनुकूलन आराखडा, म्हणजे एनएपी. तुमचा भाग आणि तुमचं क्षेत्र त्यांत कुठे आलं आहे, त्या परिच्छेदाचा क्रमांक टिपून ठेवा. "प्रकल्प राष्ट्रीय धोरणाशी सुसंगत आहे" एवढ्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग हवामानाची आकडेवारी. तुलनेसाठीची सध्याची प्रमाण आधारपट्टी १९९१ ते २०२० ही तीस वर्षांची आहे. अनेक देशांत पर्जन्यमापक केंद्रं मधेच बंद पडलेली असतात, नोंदींत वर्षंच्या वर्षं गायब असतात. तिथे उपग्रह आणि केंद्रांची सांगड घालणारी १९८१ पासूनची चर्प्स ही पर्जन्यमालिका, किंवा ईआरए५ हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल जुळवून तयार केलेली मालिका, वापरता येतं. मात्र जवळच्या एखाद्या चालू केंद्राशी ताडून पाहिल्याशिवाय ते वापरू नका. डोंगराळ भागात आणि छोट्या बेटांवर या मालिकांतला पाऊस प्रत्यक्षापेक्षा बराच वेगळा निघू शकतो.

तिसरी गोष्ट लोकांकडूनच मिळते. गेल्या वाईट वर्षी पाणी कुठून आणलं, कोणी आणलं, काय विकावं लागलं, कोण गाव सोडून गेलं. हे नंतर "सहभाग बैठकी"त विचारायचं म्हणून राखून ठेवू नका. कोणते आकडे काढायचे, हे याच उत्तरांवरून ठरतं.

तपासा : देशाने ग्रीन क्लायमेट फंडासाठी नेमलेलं कार्यालय, म्हणजे एनडीए, कोणत्या मंत्रालयात आहे आणि तिथे तुमची कल्पना कोणाला माहीत आहे का? नसेल, तर पुढे लिहिण्याआधी त्यांना भेटा. त्यांचं ना-हरकत पत्र नसेल तर उत्तम प्रस्तावही पुढे सरकत नाही.

## १. जोखीम एका पानात लिहा, उपायाचं नाव न घेता

जोखमीचे तीन भाग असतात : संकट काय आहे, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि वाटेत असलेल्यांची ते सोसण्याची ताकद किती आहे. आयपीसीसी ही संयुक्त राष्ट्रांची हवामानशास्त्र समितीही जोखीम याच तीन अंगांनी मांडते. तिन्ही वेगवेगळे लिहा.

हे वाक्य पाहा : "हवामान बदलामुळे शेतीवर विपरीत परिणाम होत असून शेतकऱ्यांना सिंचनाची गरज आहे." ते कोणत्याही देशाच्या कोणत्याही प्रस्तावात चालेल, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहा : "पेरणीनंतर पावसाचा खंड लांबतो आहे. मका फुलोऱ्यात येतो त्याच आठवड्यांत ओल तुटते. ज्या घरांकडे विहीर नाही त्यांचं पीक जातं, आणि त्यांतली बरीच घरं एकट्या बायकांनी चालवलेली आहेत." आता संकट, वाट आणि ताकद तिन्ही दिसतात, आणि प्रत्येक विधान आकड्याने तपासता येतं.

सावध : वार्षिक सरासरी पावसावर विसंबू नका. वर्षाची बेरीज तीच राहूनही पाऊस कमी दिवसांत कोसळू शकतो आणि मधले खंड लांबू शकतात. पावसाची सुरुवात, सर्वांत लांब खंड, एका दिवसातला सर्वाधिक पाऊस, अतिउष्ण दिवसांची संख्या यांपैकी जो आकडा तुमच्या जोखमीला थेट भिडतो तोच काढा.

## २. हवामानाचा वाटा वेगळा काढा

सर्वाधिक प्रस्ताव इथे घसरतात, म्हणून हे सविस्तर.

बांगलादेशाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, खुलना आणि सातखिरा भागात, कोरड्या महिन्यांत पिण्याचं पाणी खारं होतं. लिहिणाऱ्याला मोह होतो तो सरळ "समुद्रपातळी वाढली म्हणून पाणी खारट झालं" असं लिहिण्याचा. पण कारणं गुंतलेली आहेत. १९७५ साली भारतात गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाला आणि कोरड्या ऋतूत खाली येणारं गोडं पाणी घटलं. १९८० च्या दशकापासून कोळंबीच्या तळ्यांसाठी शेतांत मुद्दाम खारं पाणी घेतलं गेलं. त्रिभुज प्रदेशातली जमीन स्वतःही खचते आहे. या सगळ्यावर समुद्राची चढती पातळी आणि चक्रीवादळांची लाट येते. २००९ च्या ऐला वादळासारखी लाट तळी आणि विहिरी एका रात्रीत खाऱ्या करून जाते.

यातली बिगर-हवामान कारणं लपवू नका. परीक्षकाला ती ठाऊक असतात, आणि लपवलेलं एक कारण उघडं पडलं की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. चार रकाने आखा :

- कारण
- ते हवामानाचं की बिगर-हवामानाचं
- पुरावा
- या प्रकल्पात त्यावर काय करणार

चौथा रकाना महत्त्वाचा. कोळंबीच्या तळ्यांचा प्रश्न जमीनवापराच्या नियमांनी सुटणार असेल, तर ते काम सरकार स्वतःच्या पैशातून करणार का, हे तिथे लिहा. जे काम हवामान बदललं नसतं तरी करावंच लागलं असतं, ते आधारस्थितीत, म्हणजे नेहमीच्या विकासकामांत, जातं. जे काम हवामान बदलतंय म्हणूनच करावं लागतंय, त्यासाठी निधी मागायचा.

निधीनुसार इथे फरक पडतो. अ‍ॅडाप्टेशन फंड अनुकूलनाचा पूर्ण खर्च देतो आणि सहनिधी, म्हणजे इतर स्रोतांतून जोडीला येणारा पैसा, मागत नाही. अतिअल्पविकसित देशांसाठीचा एलडीसीएफ हा निधी नेहमीच्या विकासखर्चावर हवामानामुळे पडणारा जादा खर्च उचलतो. ग्रीन क्लायमेट फंड परिस्थितीनुसार पूर्ण किंवा वाढीव खर्च देऊ शकतो, पण कोणता आणि का, हे तुम्ही सांगायचं.

तपासा : तुमच्या प्रकरणातून "हवामान बदल" हे शब्द काढून टाका. प्रकल्प जसाच्या तसा उभा राहत असेल, तर पायरी २ अजून झालेली नाही.

## ३. भविष्याचा आकडा निवडताना आधी वस्तूचं आयुष्य पाहा

भविष्याचा अंदाज देणारं कोणतं हवामान-मॉडेल घ्यायचं यावर महिने जातात. आधी ठरवायचं ते हे, की आपण बांधतो आहोत ती वस्तू किती वर्षं टिकणार आहे. पंधरा वर्षांच्या हातपंपासाठी २१०० सालचे अंदाज लिहिणं व्यर्थ आहे. पुढच्या दोन दशकांत उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या परिस्थितींमधला फरक तसाही थोडा असतो, आणि हवामानाचे नैसर्गिक चढउतार त्यावर मात करतात. साठ-सत्तर वर्षं उभा राहणारा पूल किंवा समुद्रबांध असेल, तर मात्र शतकाअखेरचा अंदाज लागतोच.

- एका मॉडेलवर कधीही थांबू नका. सीएमआयपी६ या जागतिक मॉडेल-संचातल्या अनेक मॉडेलांचा समूह घ्या आणि मधला आकडा दोन्ही टोकांसह द्या.
- उत्सर्जनाच्या किमान दोन परिस्थिती घ्या, एक मध्यम आणि एक तीव्र. एसएसपी२-४.५ आणि एसएसपी५-८.५ ही जोडी नेहमीची आहे.
- मॉडेलांत पाऊस वाढणार की घटणार यावरच एकमत नसेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि दोन्हीकडे चालेल असा उपाय निवडा. अनिश्चितता मांडल्याने प्रस्ताव कमकुवत होत नाही.
- किनारी प्रकल्पात जागतिक सरासरी थेट उचलू नका. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १९९५-२०१४ च्या तुलनेत २१०० पर्यंत समुद्र अतितीव्र उत्सर्जनात सुमारे ०.६३ ते १.०१ मीटर आणि अगदी कमी उत्सर्जनात ०.२८ ते ०.५५ मीटर चढण्याची शक्यता आहे. तुमच्या गावाला लागणारी पातळी म्हणजे समुद्राची तिथली स्थानिक वाढ अधिक जमिनीचं खचणं.

## ४. तो आकडा डिझाइनमध्ये उतरवा

समजा, खाऱ्या पट्ट्यात घरोघरी पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्या द्यायच्या आहेत. पाच माणसांचं घर, पिण्या-रांधण्याला माणशी रोज ५ लिटर, म्हणजे दिवसाला २५ लिटर. पावसाशिवायचे १५० दिवस धरले तर ३,७५० लिटर लागतात. प्रस्तावात मात्र २,००० लिटरची टाकी असते, कारण बाजारात ती सहज मिळते. ती ८० दिवसांत रिकामी होते. उरलेले ७० दिवस ते घर पुन्हा खाऱ्या तळ्यावर जातं, आणि अहवालात मात्र "लाभार्थी" म्हणून मोजलं जातं.

आता हवामानाचा आकडा इथे आणा. पायरी ३ मध्ये कोरडा काळ २० दिवसांनी लांबण्याचा अंदाज निघाला असेल, तर गरज ४,२५० लिटरवर जाते. म्हणजे आजची गरज ३,७५० आणि हवामानामुळे वाढलेली ५०० लिटर. हा फरक बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवता येतो, आणि पायरी २ मधला "हवामानाचा वाटा" रुजू होतो तो असा.

छतही मोजा. २० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के हाती लागला, तर १,६०० लिटर मिळतात. गवती छताच्या घरात तेवढंही मिळत नाही आणि पाणी गढूळ येतं. सर्वांत गरीब घरांची छतं सहसा तशीच असतात. पत्र्याचं छत किंवा दोन-तीन घरांत मिळून एक टाकी यांचा खर्च नसेल, तर ज्यांच्या नावाने निधी मागितला तीच घरं बाहेर राहतात.

तपासा : प्रस्तावातल्या प्रत्येक बांधकामाला विचारा, "हवामान बदललं नसतं तर हे याच मापाचं असतं का?" उत्तर "हो" असेल, तर एकतर माप चुकलं आहे किंवा ते काम आधारस्थितीतलं आहे.

## ५. उपाय उलटणार नाही ना, ते पाहा

बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकात बांध घालून पोल्डर, म्हणजे चहूबाजूंनी बांधांनी वेढलेले जमिनीचे पट्टे, तयार केले गेले. भरतीचं पाणी थांबलं, भातशेती सुरक्षित झाली. पण भरतीबरोबर येणारा गाळही बाहेरच राहिला. नद्यांची पात्रं गाळाने भरली आणि आतली जमीन खचत गेली. खुलन्याच्या पोल्डर ३२ मध्ये जमिनीची पातळी बाहेरच्या नैसर्गिक जमिनीपेक्षा मीटरभराहून खाली गेली होती. ऐलात बांध फुटला तेव्हा तिथे जवळजवळ दोन वर्षं भरतीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं. त्याआधी, १९९० मध्ये, खुलन्याजवळच्या बील डाकातिया या पाणथळ भागात साचलेल्या पाण्याला कंटाळून लोकांनी स्वतःच बांध फोडला होता आणि गाळ आत येऊ दिला होता. पुढे नियोजनाने गाळ आत घेण्याची पद्धत आली ती लोकांच्या या शहाणपणातून.

म्हणून बांध, भिंत, कालवा असं काहीही असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा : पाणी आणि गाळ आता कुठे जाणार, शेजारच्या किंवा खालच्या गावाला काय होणार, आणि बांध फुटलाच तर आजच्यापेक्षा नुकसान वाढेल का.

उत्सर्जन घटवण्याची कामंही इथेच तपासा. डिझेल पंपाच्या जागी सौर पंप आले की कार्बन वाचतो. पण इंधनाचा खर्च गेल्यावर उपसा वाढतो आणि भूजल आटू शकतं. उपशावर मर्यादा नसेल तर एका हाताने उत्सर्जन घटवून दुसऱ्या हाताने दुष्काळ वाढवल्यासारखं होतं. खारफुटीची लागवड दोन्ही बाजूंनी कामाची ठरू शकते, मात्र जागा आणि जात योग्य हवी. चिखलपट्ट्यावर नुसती रोपं खोचली तर ती मरतात.

सावध : प्रकल्पाला "दुहेरी" हे लेबल लावलं की किती टन उत्सर्जन टळलं आणि किती माणसं सावरली, दोन्ही मोजावं लागतं. मोजता येत नसेल तर शुद्ध अनुकूलन प्रकल्पच मांडा. ज्या देशांचं उत्सर्जनच नगण्य आहे, त्यांनी टनांच्या मागे धावून प्रस्ताव फुगवू नये.

## ६. आता निधी आणि संस्था निवडा

निधीची निवड इतक्या उशिरा का, असा प्रश्न पडेल. आधी निधी ठरला की जोखीम त्याच्या साच्यात कोंबली जाते, म्हणून.

अ‍ॅडाप्टेशन फंडात देशाला थेट प्रवेश आहे. सेनेगलच्या सेंत्र द सुइव्ही एकोलॉजिकला २०१० मध्ये पहिली राष्ट्रीय संस्था म्हणून मान्यता मिळाली, आणि भारतात ते काम नाबार्डकडे आहे. एका देशाला मिळणाऱ्या रकमेला मर्यादा असते; २०२१ मध्ये ती २ कोटी डॉलर करण्यात आली होती. ग्रीन क्लायमेट फंडात मोठे प्रकल्प जातात, तिथे मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जावं लागतं. फंडाच्या सुलभ मंजुरी प्रक्रियेत २.५ कोटी डॉलरपर्यंत मागता येतं, पण पर्यावरणीय-सामाजिक धोका किमान किंवा शून्य असेल तरच. बांध बांधून लोक हलवावे लागणार असतील तर ती वाट बंद.

तपासा : संस्थेची मान्यता किती रकमेपर्यंतच्या, कोणत्या धोका-वर्गाच्या आणि कोणत्या वित्तप्रकाराच्या प्रकल्पांसाठी आहे? १ कोटी डॉलरपर्यंतची आणि कमी धोक्याची मान्यता असलेल्या संस्थेबरोबर ४ कोटींच्या समुद्रबांधाची कन्सेप्ट नोट, म्हणजे प्रस्तावाआधीचा कल्पनेचा मसुदा, लिहिण्यात वर्ष वाया जातं.

अनुदान की कर्ज हेही इथेच ठरवा. पिण्याच्या पाण्यातून उत्पन्न येत नाही. आधीच कर्जात बुडालेल्या देशाला त्यासाठी कर्ज घ्यायला लावणारा प्रस्ताव मी तरी लिहू नका असंच सांगेन. ग्रीन क्लायमेट फंडात सहनिधीची किमान अट नाही, त्यामुळे न मिळणारा सहनिधी कागदावर दाखवू नका. नंतर तो आला नाही की कामंच कापावी लागतात.

## ७. वेळापत्रक उलट्या बाजूने मोजा

ग्रीन क्लायमेट फंडात क्रम असा : कन्सेप्ट नोट, त्यावरचे शेरे, व्यवहार्यता अभ्यास, पूर्ण प्रस्ताव, सचिवालयाची छाननी, स्वतंत्र तांत्रिक समितीची छाननी, मग मंडळ. अभ्यासासाठी पैसे नसतील तर कन्सेप्ट नोटनंतर प्रकल्प-तयारी सुविधेतून १५ लाख डॉलरपर्यंत मागता येतात. बरेच देश ते मागतच नाहीत आणि अपुऱ्या अभ्यासावर प्रस्ताव पाठवतात.

मंडळाच्या तारखेपासून मागे मोजा. धोका-वर्ग 'अ', म्हणजे सर्वाधिक धोक्याचा, असेल तर पर्यावरण-सामाजिक अहवाल १२० दिवस आधी जाहीर हवा, 'ब' असेल तर ३० दिवस. तो बाधित लोकांना समजेल अशा भाषेतही हवा, आणि भाषांतराला लागणारे आठवडे कोणीच धरत नाही. लिंगभाव विश्लेषण आणि त्याचा कृतिआराखडा हेही पूर्ण प्रस्तावाबरोबर जातात. कृतिआराखड्याला स्वतःचं बजेट द्या. "बैठकीत ५० टक्के महिला" एवढ्यावर तो संपत असेल, तर तो पुन्हा लिहा.

## ८. लाभार्थी आणि देखभाल

जिल्ह्याची अख्खी लोकसंख्या लाभार्थी म्हणून लिहू नका. टाकी मिळणारं घर थेट लाभार्थी, पूर्वसूचना मिळणारं घर अप्रत्यक्ष. एकाच घराला दोन्ही मिळत असतील तर एकदाच मोजा.

देखभालीबद्दल "स्थानिक समिती पाहील" हे उत्तर परीक्षक स्वीकारत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. गाळणी, तोटी, पन्हळ यांची दुरुस्ती आठव्या वर्षी कोण करणार, सुटे भाग कुठे मिळणार, पैसे कोणत्या शीर्षाखाली येणार, हे लिहा. स्थानिक सरकारच्या अंदाजपत्रकात तरतुदीचं लेखी आश्वासन मिळालं तर जोडा. निधीचा किती भाग गावपातळीवर जाणार, तेही आकड्याने सांगा. नेपाळने २०१० च्या आपल्या अनुकूलन कृती कार्यक्रमात ८० टक्के निधी स्थानिक पातळीवर पोहोचवण्याचं ठरवलं होतं. असा आकडा समोर असला की सल्लागारांवरच्या खर्चाला आपोआप चाप बसतो.

## ९. शेरे आल्यावर आणि मंजुरीनंतर

प्रत्येक शेऱ्याला स्वतंत्र उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर केला त्याचा उल्लेख द्या. जोखमीच्या प्रकरणात आकडा बदलला, तर डिझाइन, बजेट, लाभार्थी संख्या आणि परिणाम-चौकट (अपेक्षित परिणाम व ते मोजण्याचे निकष यांचा तक्ता) या चारही ठिकाणी तो बदला. दुसऱ्या फेरीत प्रस्ताव अडकतात ते सहसा हे न केल्यामुळे.

मंडळाने मंजुरी दिली म्हणजे पैसे आले असं नाही. त्यानंतर संस्था आणि फंड यांच्यात निधी-करार होतो, त्यातल्या अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि मग पहिला हप्ता सुटतो. या काळात सिमेंट-लोखंडाचे दर आणि चलनाचा भाव बदलतो, म्हणून करारावर सही होण्याआधी दर पुन्हा तपासा. खरेदीच्या निविदांचे मसुदे तोवर तयार ठेवा आणि वेळापत्रकात कामाचा हंगाम लिहा. हप्ता पावसाच्या तोंडावर आला आणि टाक्या अजून निविदेतच असल्या, तर त्या पावसाचं पाणी साठत नाही आणि त्या घरांना पुढचा कोरडा काळही खाऱ्या तळ्यावर काढावा लागतो.